कोकराची संमती

विषय : सणाच्या कोकराच्या गळ्यात हार घालण्यामागील हेतूबाबत.
संदर्भ : एका मेंढीची तोंडी तक्रार व त्यानंतरचा लेखी अर्ज.

वरील विषयाबाबत सांगायचे ते असे, की फार फार वर्षांपूर्वी समुद्राकाठच्या एका ख्रिस्ती गावात एक मेंढी राहत होती. ती स्वभावाने संशयी होती. कळपातली सर्वांत जुनी मेंढीही तीच होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असे फक्त कोकरांनाच वाटे.

त्या गावात ईस्टरला एक पांढरे कोकरू निवडत. त्याला आंघोळ घालत, गळ्यात हार घालत, वाजतगाजत चर्चच्या दारापर्यंत नेत. दुपारी गावजेवण असे. जेवणाला कोकरू हजर असे, पण चालत आलेले नसे.

त्या वर्षी सणाला आठवडा उरला असताना गावचा कारभारी कळपापाशी आला आणि मेंढीच्या एकुलत्या एका कोकराच्या पाठीवरून हात फिरवू लागला.

"काय गोंडस आहे हो!" तो म्हणाला.

माणूस आपले कौतुक करू लागला की तो वजन पाहत असतो, हे मेंढीला ठाऊक होते. ती तडक चर्चमध्ये गेली.

वेदीच्या वर भिंतीवर एका कोकराचे चित्र होते. डोक्याभोवती तेज, खांद्याशी क्रूस, छातीवर जखम. 'म्हणजे मारतात आणि वर चित्रही काढून ठेवतात,' मेंढी मनात म्हणाली. तेवढ्यात म्हातारे फादर आले.

"फादर, हे कोण?"

"ते देवाचं कोकरू, बाई. म्हणजे आमचा प्रभू ख्रिस्त."

"तुमच्यात माणसाला मेंढरू म्हटलं तर तो मारायला धावतो. देवाला बरं म्हणता!"

फादर हसले. त्यांचा आवाज गोड होता. मेंढी दोन पावले मागे सरली. आवाज खाटकाचाही गोड असतो.

"पूर्वी कसं होतं," फादर सांगू लागले, "पाप माणसाचं आणि मान कोकराची. मग प्रभू आला. म्हणाला, पुरे झालं, आता माझा प्राण घ्या. तो शेवटचा बळी. म्हणून आमच्या वेदीवर रक्त नसतं, भाकर असते."

"त्याला धरून आणलं होतं?"

"धरलं होतं. पण त्याला टाळता आलं असतं. त्यानं टाळलं नाही. आपल्या मर्जीनं प्राण दिला. सगळा अर्थ त्या मर्जीत आहे, बाई."

"मर्जीनं," मेंढी म्हणाली. "हे लेखी द्याल का? तोंडी बोललेलं सणाच्या दिवशी कुणाला आठवत नाही."

फादरांनी लिहून दिले. मेंढीने त्याखालीच आपला अर्ज लिहवून घेतला : ज्या कोकराला न्यायचे, त्याची मर्जी आधी विचारावी. खाली डाव्या खुराचा ठसा उमटवला.

कारभारी चिडला. "फादर, मेंढीच्या काय नादी लागता? हा बळी नाहीच मुळी! गावाची रीत आहे. हार घालतो तो सन्मानाचा."

"सन्मान मोठाच," मेंढी म्हणाली. "घेऊन कुणी परत आलेलं नाही."

"अगं, त्याग शिक जरा! सगळ्या गावासाठी एक जीव! केवढं पुण्य!"

"मग कारभारी, तुम्हीच का नाही घेत ते पुण्य? अंगानं तुम्ही सगळ्या गावाला पुराल."

जमलेले लोक खो खो हसले. कारभारी हसला नाही, पण त्याने कोट आवळून पोट झाकले.

"अर्ज निकाली निघेपर्यंत कोकराला हात लावायचा नाही," फादर म्हणाले.

कारभाऱ्याने हे आनंदाने कबूल केले. अडाणी कोकरू, त्याला काय कळतेय? सणाच्या आदल्या दिवशी पंच बसले. कोकराला समोर आणले. कारभाऱ्याने लाडाने विचारले, "काय रे बाळा, गावासाठी प्राण देतोस ना?"

कोकरू म्हणाले, "आईला विचारून सांगतो."

पंचांनी आईला विचारले. आई म्हणाली, "विचार करून सांगते."

पंचांनी अर्जावर 'विचार चालू' असा शेरा मारला आणि बैठक उठली. दुसऱ्या दिवशी ईस्टर उजाडला. चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेत फादरांनी भाकर मोडली आणि पहिला तुकडा कारभाऱ्यापुढे धरला. "घ्या. हे ज्यानं दिलं, त्यानं स्वतःचं दिलं." कारभाऱ्याने मान खाली घालून तो घेतला. दुपारी गावाने नारळीभात खाल्ला. मेंढी मात्र चुलीच्या धुराचा वास घेत मांडवाभोवती तीन वेळा फिरली, आणि मगच बसली.

त्या गावात पुढे कुठल्याच कोकराच्या गळ्यात हार पडला नाही. दरवर्षी पंच मेंढीला विचारत, विचार झाला का? मेंढी म्हणे, चालू आहे.

तात्पर्य : स्वतःचे देतो तो त्याग, दुसऱ्याचे देतो तो नुसता बळी.

कोकराला आता शिंगे फुटली आहेत. अर्ज प्रलंबित आहे.