काजळीची शेपटी

फार जुनी गोष्ट. राज्यं लहान आणि मिशा मोठ्या होत्या, तेव्हाची. एका सरदाराकडे घोड्यांची निगा राखणारा एक मोतद्दार होता. त्याच्या हाताला गुण होता, पण टाळाटाळ करण्यातही तो तितकाच पटाईत. "उद्या करू" हे त्याचं पालुपद.

एकदा सरदार त्याला सोबत घेऊन मोहिमेवर गेला. लढाई लांबली आणि सरदाराची लाडकी घोडी काजळी गाभण राहिली. सरदार म्हणाला, "हिला घरी पोचव. मी खुशाल आहे म्हणून सांग."

वाट आठ दिवसांची. रोज खरारा करायचा, आयाळ-शेपटी रोज विंचरायची, हा पागेचा नेम. मोतद्दाराने तो पहिल्या दिवशी पाळला आणि मग गुंडाळून ठेवला. कुसळं, आघाड्याचं बी शेपटीत अडकत गेलं. आठव्या दिवशी गाव दिसू लागलं, तोवर शेपटीचा पार दोरखंड झाला होता.

अशी घोडी नेली तर लोक तोंडात शेण घालतील, म्हणून तो ओढ्याकाठी बसला. तेल लावायचं, टोकाकडून सुरुवात करायची, एकेक बट बोटांनी सोडवायची, सगळं त्याला ठाऊक होतं. चार बटा सोडवल्या आणि तो कंटाळला. त्याने कात्री काढून शेपटीचे केस बुंध्याशी कापले.

आता त्या मुलखाची रीत अशी, की धनी रणात पडला तर त्याच्या घोड्याची शेपटी कापून घोडा घरी धाडायचा. मोतद्दाराला हे माहीत नव्हतं असं नाही. 'मी सोबत आहेच की. तोंडाने सांगेन,' असं त्याने मनाला समजावलं.

पण घराचा वास लागताच काजळीने लगाम हिसडला आणि ती पुढे पळाली. तो मागून धावत पोचला, तेव्हा सरदाराच्या दारात आकांत चालला होता. म्हातारी आई उंबऱ्यावर कोसळली होती. सुनेने हातातल्या बांगड्या फोडल्या होत्या आणि तिच्या मनगटातून रक्त येत होतं.

"धनी खुशाल आहेत," तो धापा टाकत म्हणाला. "शेपटी मी कापली. गुंता झाला होता."

कोणी त्याला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. आई सावकाश उठून बसली.

"सोडवायला किती वेळ लागला असता रे?"

"एक दुपार, आईसाहेब." धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं.

दुसऱ्या दिवशी कासारीण नव्या बांगड्या घेऊन आली. सुनेने हात मागे घेतले. "ते समोर उभे राहतील तेव्हाच भरेन," ती म्हणाली. "तोवर माझ्या मनाला पटायचं नाही."

सरदार चार महिन्यांनी परतला. ते चार महिने मोतद्दार रोज सकाळी काजळीची आयाळ विंचरत होता आणि रोज सून ओक्या हातांनी घोडीला हरभरे घालायला येत होती. त्याला मान वर करून तिच्याकडे बघता आलं नाही.

लहानथोरहो, आपण कंटाळून टाळलेल्या कामाची झळ आधी दुसऱ्यालाच लागते.