गोमाजीची दोन तोंडांची गाडी

एका गावात एक भोळा जावई होता. नाव गोमाजी. सांगितलेलं सगळं ऐकायचा, एवढीच काय ती त्याची खोड.

त्याची बायको हौसा माहेरी जाऊन बसली होती. "एसटीत मला मळमळतं. गाडी घेऊन आलात तर येईन, नाहीतर इथेच बरी!" असा तिचा निरोप. गोमाजीला घर खायला उठलं होतं.

गावातल्या खरातमास्तरांची एक गाडी वर्षानुवर्षं गोठ्यात पडून होती. विजेवरही चालायची, पेट्रोलवरही. सध्या तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या.

आई म्हणाली, "जुना माल आहे रे. वाजवून घे."

"बरं," म्हणाला गोमाजी. गेला, धोंडा उचलला आणि बॉनेटवर दाणकन हाणला. हा मोठा पोचा!

मास्तर ओरडले, "आता ही तुलाच घ्यावी लागेल!"

गोमाजी खूश. सौदा पटकन जमला म्हणे!

गाडी ढकलत घरी आणली. आईने कपाळ बडवलं. "अरे मेल्या, वाजवून मडकं घेतात! गाडीत पेट्रोल कधीचं आहे ते बघतात. जुनं पडून राहिलेलं ओतून द्यायचं, ताजं भरायचं!"

"बरं." गोमाजी तडक स्वयंपाकघरात. फळीवर लिंबाच्या लोणच्याची बरणी होती, त्याच्या लग्नाच्याही आधीची. ओतली उकिरड्यावर! वर ताजी लिंबं चिरून भरली. आता बोला!

आईचा आवाज वेशीपर्यंत गेला. "अरे टोणग्या, ते मुरत होतं! मुरणाऱ्याला हात लावत नाहीत. तोंडाला फडकं बांधून उन्हात ठेवतात!"

"बरं." आता गाडीला तोंडं दोन. एक पेट्रोलचं, एक विजेची वायर खोचायचं. गोमाजीने आईचं लुगडं फाडून दोन्ही तोंडं बांधली आणि गाडी उन्हात लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "मुरतेय."

तेवढ्यात हौसाचा दुसरा निरोप आला. "पोळ्यापर्यंत वाट बघीन. मग कायमची इथेच!"

गोमाजीचं धाबं दणाणलं. रडत उस्मान मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने फडकी सोडली, कोंबड्या हाकलल्या, जुनं पेट्रोल काढून नवं भरलं, बॅटरी चार्ज केली.

"आधी विजेवर चालेल, वीज संपली की पेट्रोलवर," मिस्त्री म्हणाला. "पण बरीच वर्षं पडून होती. वाटेत आवाज आला तर पुढे रेटू नकोस. जिथून निघालास तिथेच नेऊन सोड."

"बरं."

गाडी अगदी गुपचूप सासुरवाडीला पोचली. हौसा नवं लुगडं नेसून ऐटीत पुढे बसली. गोमाजीला स्वर्ग दोन बोटं उरला. पण अर्ध्या वाटेत वीज संपली आणि पेट्रोलचं इंजिन घुर्रर्र करून जागं झालं.

"अगं बाई!" हौसा किंचाळली. "अहो, हे काय?"

गोमाजीने मुकाट्याने गाडी वळवली.

संध्याकाळी आई भाकरतुकडा घेऊन सुनेची वाट बघत दारात उभी. समोरून गोमाजी आला. एकटाच, डोक्यापासून पायापर्यंत धुळीने माखलेला.

"हौसा कुठंय?"

"वाटेत आवाज केला तिने. जिथून निघालो तिथे सोडली."

"आणि गाडी?"

"तिनेही केला. तीही तिथेच सोडली."

"अरे मुडद्या, मग तू रे का परत आलास?"

"मी कुठे आवाज केला?" म्हणाला गोमाजी.