सगळे आकडे बरोबर होते

“सगळे आकडे बरोबर होते, बाबा. मग पक्षी मेले कशानं?”

रणधीर खबालेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीरबाबा सुपात तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी तिसऱ्यांदाही मान वर केली नाही.

गावाबाहेरच्या माळावर बाबांचा तकिया, फकिराचं ठिकाण. एक खोली, पुढं सारवलेलं अंगण, अंगणात पाचसहा गावठी कोंबड्या. रणधीरचे वडील दर गुरुवारी इथं यायचे. त्यांच्यामागं रणधीर येऊ लागला. पण त्याचं येणं विचारायला कमी आणि सांगायला जास्त. पोल्ट्रीच्या शेडमध्ये सेन्सर बसवले तेव्हा फोन दाखवायला तो मुद्दाम आला होता. “आता आत माणसाचं कामच उरलं न्हाई बाबा,” असं छाती फुगवून म्हणाला होता. बाबांनी फोन उलटसुलट करून पाहिला आणि त्याला चहा दिला होता.

आज छाती फुगलेली नव्हती.

“गरमी?” बाबांनी विचारलं.

“बरोबर.”

“ओल?”

“तीबी बरोबर. खालच्या तुसातनं वायू सुटतो, त्याचा आकडासुद्धा बरोबर. पंखे आपापले लागतात, पाणी आपापलं येतं. मी सगळं फोनवर बघतो की.”

“कुठनं बघतोस?”

“घरातनं.”

बाबांनी एक खडा उचलून बाजूला टाकला.

“मग मेले कसे?”

“भर दुपारी एकाएकी बिथरले. सगळे पल्याडच्या कोपऱ्यात पळाले, एकावर एक चढले... खालचे गुदमरले. टोपल्या भरभरून बाहेर काढले, बाबा.” रणधीर पुढं सरकला. “उरलेत त्यांचाबी भरवसा वाटंना. काय चुकलं तेच कळंना झालंय.”

“आत कुत्रं शिरलं आसंल.”

“न्हाई.”

“साप?”

“न्हाई हो. जाळी कुठं फाटलेली न्हाई. आत कोण शिरलंच नव्हतं.”

बाबांचा हात सुपात थांबला.

“फोनवर पक्षी दिसत्यात?”

“फोनवर आकडे दिसतात. पक्षी कशाला दिसतील?”

“मग त्ये एकावर एक चढताना तू बघितलंस कुठनं?”

...

रणधीर एरवी शब्दाला शब्द देणारा गडी. बाजारात त्याच्या तोंडाला लागायला लोक कचरायचे. आता त्यानं खिशातला फोन काढला, परत ठेवला.

“मी आत होतो,” तो म्हणाला.

“कशाला गेलतास?”

पंख्याचा पट्टा बघायला, असं सांगता आलं असतं. ते त्याच्या ओठांवर आलंही होतं. पण बाबा बघत होते.

“करमत नव्हतं.”

हे एवढं तो कुणाजवळ बोलला नव्हता. पोरांच्या शाळेसाठी बायको पुण्याला जाऊन राहिली होती. शेडवर आधी शिवराम आणि हौसा हे जोडपं असायचं. दिवसभर त्यांची भांडणं चालायची, नाहीतर हौसाची गाणी. यंत्रं आली आणि रणधीरनं त्यांना कायमची रजा दिली. पहाटे निळा डगला घातलेला एक गडी येई, मेलेलं पिल्लू तेवढं उचलून निघून जाई. बाकी सारा दिवस दुमजली बंगल्यात एकटा रणधीर आणि त्याच्या हातातले हिरवे आकडे. त्या दुपारी जेवणाचं ताट समोर घेऊन बसला आणि त्याला घास गिळवेना. कुणीतरी जिवंत जवळ असावं असं फार वाटलं. तो तसाच उठला, पांढऱ्या शर्टात, आणि शेडचं दार ढकलून आत गेला.

“शेडात पिल्लं आणून टाकल्यापासनं किती बारी आत गेलतास?”

“त्या दिवशी पयल्यांदाच.”

बोलून गेल्यावर रणधीरला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं.

“मलाच भ्याले त्ये...”

वाऱ्यानं खोलीचं दार हललं, थांबलं.

रणधीरनं नाक पुसलं आणि ताठ बसला. सवय कुठं जाते! “भ्यालेलं कळणाराबी सेन्सर आसंल की. परवा कंपनीच्या माणसाला फोन लावतो. पैका जाऊंदे किती जायचा त्यो.”

बाबांनी मूठभर तांदूळ उचलले, अंगणात एका जागी टाकले आणि त्या जागेकडं बोट केलं.

“तिथं जाऊन बस.”

“तिथं? कशाला?”

“बस म्हणलं नव्हं?”

रणधीर जाऊन बसला. कोंबड्या फडफडत कुंपणापर्यंत पळाल्या. ऊन खोलीच्या भिंतीवरून उतरून अंगणात आलं. मग खिशात फोन वाजला आणि तो धडपडून उठला.

“काय झालं?”

“शेडमधी गरमी वाढली.”

“मग?”

“पंखे लागले... आपापले.”

“मग तू कशाला उठलास?”

रणधीर उभा होता तसाच राहिला. जायला घर होतं, शेड होतं, आणि दोन्हीकडं त्याच्यावाचून काही अडलं नव्हतं. हे त्याला ठाऊक होतं. पण असं उन्हात उभं राहून कधी कळलं नव्हतं. त्यानं फोन बंद केला आणि खाली बसला. आता त्याला रडूच आलं. बाबांनी त्याला गप्प केलं नाही.

रडून झाल्यावर तो नुसता बसला. सावल्या लांबल्या. एक तांबडी कोंबडी मान वाकडी करून जवळ आली, एक दाणा टिपून मागं सरली. पुन्हा आली. दाणे संपले तरी गेली नाही. त्याच्या गुडघ्याशी मातीत उकरून तिनं खळगा केला, पिसं फुलवली आणि खाली बसली. तिच्या अंगाची ऊब त्याला विजारीतून लागली.

रणधीरला राहवेना. त्यानं हळूच हात पुढं केला.

कोंबडी ओरडत उडाली ती थेट कुंपणाला.

“नुसता हात लावणार होतो, बाबा!” तो कळवळून म्हणाला. “काय करणार होतो का तिला?”

“बस परत.”

“आणखी किती वेळ?”

बाबांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

“तिला घाई न्हाय.”