ढोलीच्या तोंडची भिंत

डोंगरउतारावरच्या एका दाट जंगलात धनेश पक्ष्याचे एक जोडपे राहत असे. लेकरांनो, या पाखराची रीत तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून आधी ती सांगतो. अंडे घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून टाकते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. मग तिच्या पंखांची पिसेही गळून पडतात आणि हळूहळू नवी येतात. पिलू वाढेपर्यंत नराने फळे आणायची आणि त्या फटीतून भरवायची. देवबापाने त्यांना तसेच घडवले आहे, बरं का.

या जोडप्याचे पिलू अंड्यातून बाहेर येऊन चारच दिवस झाले होते, आणि नर कालपासून फिरकला नव्हता. पिलू चोच उघडून उघडून दमले. शेजारच्या फांदीवरून शेकरू ओरडले, "काय गं बाई, धनी विसरले वाटतं तुला!"

"येतील ते. मी देवाकडे मागितलं आहे," मादी म्हणाली.

"मागून झालं ना? मग आता ऊठ! माझं बघ, एकाला सहा घरटी बांधून ठेवली आहेत. आपण नाही बाबा कुणाची वाट बघत."

दुपारी पिलाचा आवाजच बंद झाला. आईचे काळीज ते! ती म्हणाली, "देवा, तुला उशीर झाला. आता माझं मलाच बघायला हवं." तिने चोचीने भिंत फोडायला घेतली. अर्धी भिंत खाली पडली. उडण्यासाठी तिने पंख पसरला, तर पिसांच्या जागी नुसते खुंट. तेवढ्यात पिलाच्या वासाने एक घोरपड खोड चढून वर आली. "दार उघडलंस ते बरं केलंस," ती जिभल्या चाटत म्हणाली.

मादीने आपली मोठी चोच भोकात अडकवली आणि ती कळवळून म्हणाली, "देवबापा, मी उतावीळ झाले. माझ्या लेकराला सांभाळ!" घोरपड नखांनी भिंत ओरबाडू लागली. एवढ्यात वरून पंखांचा घोंघाट आला आणि नराने अशी झडप घातली की घोरपडीची पकड सुटली. ती धपकन खाली पडली अन् पळाली.

"जवळचे उंबर संपले गं. तीन डोंगर पलीकडे जावं लागलं," नर धापा टाकत म्हणाला. त्याने गळ्यातली फळे एकेक करून बाहेर काढली. पहिले फळ पोटात जाताच पिलू असे काही किंचाळले की शेकरूने कानच झाकले. मग नराने चिखल आणून दिला आणि मादीने भिंत पुन्हा लिंपली.

पुढे काही आठवड्यांनी एके सकाळी मादीने आपणहून भिंत फोडली.

"आज बरी निघालीस! कुणी सांगितलं गं?" शेकरूने विचारले.

"पंख ढोलीत मावेनात," ती म्हणाली, आणि उडाली.

तात्पर्य : देवाला उशीर झाला असे आपल्याला वाटते, पण प्रभूची वेळ चुकत नाही. त्याने बळ देण्याआधी आपल्याच भरवशावर धावले, तर ज्याच्यासाठी धावायचे तेच गमावण्याची पाळी येते.