कळकलेलं कुरण

फार पूर्वी, उत्तरेच्या बर्फाळ मुलखात, ज्वालामुखीच्या काळ्या डोंगराखाली कापशा ससा राहायचा. तिथला सगळा चारा एक केसाळ गवा अडवून बसला होता. उपाशी कापशाला डोंगरावर, गारगोटीच्या पांढऱ्या पट्ट्यात हिरवं काही दिसलं. त्यानं धावत जाऊन जीभ लावली. थूः! ते तर हिरवा गंज चढून कळकलेलं तांबं!

खाली येऊन तो मिटक्या मारत म्हणाला, "गवाकाका, वर काय कोवळं गवत आहे! पण त्याची चव थोरामोठ्यांनाच कळते म्हणे."

गवा धापा टाकत वर चढला. चाटताच त्याचं तोंड वाकडं झालं. पण कबूल कसं करायचं?

"कसं आहे, काका?" कापशानं खालून विचारलं.

"अमृत! तुला नाही कळायचं," म्हणत गवा पुन्हा चाटू लागला.

"खरंय, काका," कापशा भरल्या तोंडानं म्हणाला.