मॉर्न आमेरवर साखर नेत नाहीत

मंडळी, हा सपाट दगड दिसतोय ना, त्यावर साखर, गोळ्या, चॉकलेटं, सगळं काढून ठेवा. तुमच्या त्या चिक्कीसकट. उतरताना मुंग्यांनी जे मागे ठेवलं असेल ते तुमचं. इथून वर मॉर्न आमेरचं जंगल लागतं. मॉर्न आमेर म्हणजे आमच्या बोलीत कडू डोंगर. या पायवाटेवर साखरेचा एक दाणाही न्यायचा नाही, अशी आमच्या बेटाची रीत आहे. पटत नसेल तर बस अजून खाली उभी आहे.

असं सांगतात, की समुद्रापर्यंतचं सगळं शिवार तेव्हा उसाचं होतं आणि त्यात राबणारी माणसं मळेवाल्याची गुलाम होती. युफेमी नावाची बाई काहिलीत उकळणारा रस ढवळायची. तिची धाकटी बहीण रोझलीन चरकात ऊस घालायची. एके दिवशी रोझलीनचा हात चरकात ओढला गेला. चरक थांबवला नाही, हात तोडला. त्यासाठी कुऱ्हाड शेजारच्या भिंतीवर कायम टांगलेली असे. जखम भरताच युफेमी बहिणीला, तिच्या तान्ह्या मुलीला आणि आणखी सतरा जणांना घेऊन या जंगलात शिरली.

मळेवाल्याने कुत्री सोडली. पण इथला पाऊस तुम्ही पाहताच आहात, तासाभरात माग धुऊन काढतो. मग तो रोज सकाळी याच दगडावर साखरेचं पोतं ठेवू लागला. "उपाशी आहेत, येतील चाटत," असं म्हणाला म्हणे. वर युफेमीने सगळ्यांना बजावलं, "त्या साखरेत आपलंच रक्त आहे. तिला कोणी हात लावायचा नाही."

पण रोझलीनची पोर तापाने फणफणली. पोटात काही ठरेना. आईच ती! एका हाताने जमेल तेवढी साखर फडक्यात बांधून ती वर आली. फडकं फाटकं होतं, आणि नेमकी दुसऱ्या दिवशी पावसाने उघडीप दिली. दगडापासून थेट झोपड्यांपर्यंत मुंग्यांची रांग लागली.

युफेमीने रांग पाहिली आणि काय होणार ते ओळखलं. बहिणीला ती एका शब्दानेही बोलली नाही. झोपड्यांकडची रांग तिने पानांनी झाडून काढली आणि उरलेली साखर सांडत ती उलट्या दिशेला, कड्याकडे निघाली. तिच्यामागे मुंग्या, मुंग्यांमागे मळेवाल्याची माणसं. कड्यावर त्यांनी तिला गाठलं.

"बाकीचे कुठे आहेत ते सांग, तुला माफी देतो," मळेवाला धापा टाकत म्हणाला.

"माफी मागितलीय कुणी? धर तुझी साखर!" तिने शेवटची मूठ त्याच्या तोंडावर फेकली आणि कड्यावरून उडी घेतली.

वरचे एकोणीस जण कधीच कुणाच्या हाती लागले नाहीत. मळेवाला पोती ठेवत राहिला, ती पावसात विरघळत राहिली. शेवटी चरकच बंद पडला.

ती पोर जगली. माझ्या आजीच्या आजीची ती आजी. चूक आमच्या घरातली, म्हणून आजही पिशव्या तपासायचं काम आमच्याच घराकडे आहे. त्या चुकीची आम्हाला लाज वाटत नाही. मात्र सूट कुणालाच नाही. गेल्या महिन्यात त्या मळेवाल्याच्या वंशातले एक गृहस्थ जंगल पाहायला आले होते. "मीसुद्धा काढून ठेवू?" असं त्यांनी हसत विचारलं.

मी म्हटलं, "आधी तुम्ही."