ओ देणारी पेटी

फार फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की तिला खोटी म्हणायलाही आता कोणी उरलेलं नाही.

दाट रानाच्या कडेला एक गाव होतं. गावकरी दिवसभर रानात मध आणि डिंक गोळा करायचे. दिवेलागणीला वेशीवर एक बाई उभी राहून एकेकाला नावानं हाक मारायची. ज्याची ओ आली, तो सुखरूप परतला. एक जरी ओ कमी पडली, तरी वेशीचा दरवाजा लागत नसे. सगळा गाव मशाली घेऊन रानात शिरायचा. त्या बाईला गाव हाकारीण म्हणे.

एकदा राजधानीतून एक यंत्रकार आला. त्यानं वेशीवर एक पेटी बसवली. आत कोंडलेली वीज, बाहेर बारीक हिरवे दिवे. कोण गेलं, कोण आलं, सगळं तिला पाठ. पुढे ती हाकाही मारू लागली. हाकारिणीचा घसा बसलेलाच होता, तिला बरंच वाटलं. मग काय, दमून आलेल्या लोकांना साधी ओ द्यायचाही कंटाळा येऊ लागला. यंत्रकार हसून म्हणाला, पेटीला तुमचे आवाज ठाऊक आहेत, तुमची परतायची वेळही ठाऊक आहे, ओ तीच देईल.

गाव खूश! आणि हाकारीणही निवांत घरी बसली, हे विसरू नका बरं.

एका संध्याकाळी तिची लेक साळू घरी आली नाही. ताटातली भाकरी निवली. हाकारीण वेशीकडे धावली, तर दरवाजा लागलेला.

"साळू!" तिनं हाक मारली.

"ओ!" आवाज साळूचाच होता. पण आला तो पेटीतून.

तिनं लोकांना गोळा केलं. लोक उलट तिलाच समजावू लागले, की पोरगी आली आहे, आत्ता ऐकलंस ना. शेजारीण तर हाकारिणीच्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे बघून मायेनं म्हणाली, "साळू, आईला असं घाबरवू नये गं."

आणि पेटी खुदकन हसली, अगदी साळूसारखी.

हाकारीण रानाकडे तोंड करून हाका मारू लागली. पण प्रत्येक हाकेला पेटीच आधी ओ द्यायची, इतकी मोठ्यानं की रानातून काही आलं तरी ऐकू येऊ नये. शेवटी तिनं धोंडा उचलला. लोक तिचा हात धरायला धावले, तोवर पेटी फुटून दिवे विझले होते.

सगळं चिडीचूप झालं. तिनं पुन्हा हाक मारली. बऱ्याच वेळानं दरीच्या बाजूनं एक क्षीण ओ आली. पाय मोडून पडलेल्या साळूला लोकांनी उचलून आणलं. लेकीला कवटाळून हाकारीण ढसाढसा रडली.

मग डोळे पुसून ती उठली. "आता सगळ्यांचीच नावं घेते," म्हणाली.

एकेकाची ओ येत गेली. गावाच्या टोकाला एकटा राहणारा म्हातारा येसबा मात्र बोलेना. तिनं तीनदा हाक मारली.

लोक त्याच्या झोपडीत गेले. उंबऱ्यापाशी गुडघाभर गवत वाढलेलं, चुलीवर कोळ्याचं जाळं. येसबा रानात गेला त्याला कित्येक महिने झाले असावेत. त्या संध्याकाळपर्यंत त्याची ओ मात्र चांगली खणखणीत येत होती.

तात्पर्य: आपल्या माणसाला हाक आपणच मारावी, आणि ओ त्याच्याच तोंडून ऐकावी.